कॅमेऱ्याचेही पुरुमेंत हवे

वैशाख सरत आला की गोमंतकातील घराघरांतून पावसाळ्याच्या बेगमीची लगबग सुरू होते. अंगणात सोले वाळत पडतात, मिरच्या उन्हात पसरल्या जातात, पापड, सांडगे, फणसाची साठे, सुकी मासळी यांची भरणी होते. या बेगमीलाच आपल्याकडे पुरुमेंत म्हणतात. ते करणाऱ्या गृहिणीचे नियम ठरलेले असतात. जिन्नस कडकडीत वाळल्याखेरीज बरणीत भरावयाचा नाही. ऊन असताना झाकण लावावयाचे नाही. बरणीच्या तोंडाला फडके घट्ट बांधावयाचे. ओला हात आत घालावयाचा नाही. आणि अधूनमधून बरणी उघडून पाहावयाची. हे नियम तिला कोणी पुस्तकातून शिकविलेले नसतात. एका वर्षी लोणच्यावर बुरशी आली की दुसऱ्या वर्षी ते आपोआप पाळले जातात.

त्याच घरातील कपाटात एखादा मौल्यवान कॅमेरा असतो. तो मात्र बहुधा पुरुमेंताविना पावसाळा काढतो. आज शाळा, ग्रामपंचायती, वाचनालये, नाट्यमंडळे आणि शासकीय कार्यालये यांच्याकडे चांगल्या प्रतीचे कॅमेरे आहेत. त्यांच्या एकेका भिंगाची, म्हणजेच लेन्सची किंमत कित्येकदा दुचाकी वाहनाएवढी असते. ही साधने पडून, आपटून मोडतात हे सर्वांस ठाऊक आहे आणि त्याविषयी आपण सावधही असतो. परंतु आपल्या किनारपट्टीवर त्यांचा खरा वैरी आवाज न करता येतो. तो म्हणजे दमट हवा आणि तिच्या आश्रयाने वाढणारी बुरशी. तिची ओळख करून देणे आणि तिच्यापासून बचाव करण्याचे साधे, अल्प खर्चाचे मार्ग सांगणे, हा या लेखाचा हेतू आहे.

एका छायाचित्राची हकीकत

हा विषय प्रस्तुत लेखकाच्या मनात का घर करून राहिला, ते प्रथम सांगणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात काम करीत होतो, तेथे १८ जूनचा क्रांतिदिनाचा कार्यक्रम आटोपल्यावर दूरचे दृश्य जवळ आणणारे मोठे भिंग त्याच्या चामडी पेटीत घालून लोखंडी कपाटात ठेवण्यात आले. नोंदवहीत सही माझी होती. पावसाळ्यात त्या भिंगाची गरज पडली नाही. चतुर्थी गेली, दिवाळी गेली. १९ डिसेंबर रोजी, मुक्तिदिनानिमित्त, एका गावी वयोवृद्ध स्वातंत्र्यसैनिकाचा सत्कार होता. भिंग बाहेर काढले, वरून पुसले. काच स्वच्छ दिसत होती.

सभामंचाच्या मागे मोकळे आकाश होते आणि सकाळचे ऊन समोरून येत होते. कॅमेऱ्याच्या पाठीवरील लहानशा पडद्यावर, त्या उन्हात, कोणाच्या काही ध्यानात आले नाही. कार्यालयात येऊन पाहतो तो सारी छायाचित्रे दुधाळ! जणू धुक्यातून घेतली असावीत. शाल पांघरलेली ती मूर्ती दिसत होती. मुद्रा मात्र कळत नव्हती. भिंग उघडल्यावर कारागिराने आतल्या काचेवर पसरलेले बुरशीचे जाळे दाखविले. बुरशी काढता येईल, पण काचेवरील तिचे व्रण जाणार नाहीत, असे तो म्हणाला. काच बदलण्याचा खर्च नव्या भिंगाच्या किमतीच्या निम्म्यावर जात होता.

पुढचा पावसाळा येण्यापूर्वीच ते स्वातंत्र्यसैनिक निवर्तले. त्यांचे चिरंजीव कार्यालयात आले. भिंतीवर लावण्यासाठी त्यांना सत्काराचे छायाचित्र हवे होते. सभेतील कोणी मोबाइल दूरध्वनीवर दुरून टिपलेले एक चित्र त्यांच्याजवळ होते, पण त्यात मुद्रा तांदळाच्या दाण्याएवढी होती. आमच्यापाशी त्यांना देण्याजोगे काही नव्हते. भिंग यथावकाश नवे घेता आले. तो प्रसंग पुन्हा घेता येण्याजोगा नव्हता.

बुरशी येते कशी?

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. नव्याकोऱ्या भिंगातही ते असू शकतात. त्यांना रुजण्यासाठी तीन गोष्टी लागतात: ओलावा, अन्न आणि निवांतपणा. अन्न फार थोडे पुरते. बोटांचा स्निग्धांश, धुळीतील सेंद्रिय कण, भिंगाच्या आतील वंगणाचा सूक्ष्म अंश, एवढ्यावर बुरशीचे भागते. बंद कपाटातील अंधार तिला मानवतो. राहता राहिला ओलावा. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बीजाणू रुजू लागतात. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात आर्द्रता दिवसेंदिवस ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे आपले कपाट हे बुरशीचे तयार वाफेच ठरते.

हा अनुभव केवळ आपला नव्हे. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशिया आणि पॅसिफिकमधील उष्ण, दमट प्रदेशांत लढणाऱ्या सैन्यांच्या दुर्बिणी व अन्य दृक्‌साधने बुरशीने निकामी होऊ लागली, तेव्हा या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला.

भिंगाच्या काचेवर एक अतिशय पातळ लेप दिलेला असतो. प्रकाश काचेवरून परावर्तित होऊन वाया जाऊ नये, हे त्याचे काम. लेपाच्या एका थराची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढीच असते. बुरशीचे तंतू वाढताना आम्ल पाझरतात. ते आम्ल प्रथम हा लेप आणि पुढे खुद्द काच कोरीत जाते. आरंभीच्या अवस्थेत बुरशी दिसली तर कारागीर ती पुसून काढू शकतो आणि भिंग पूर्ववत होते. उशीर झाला तर बुरशी निघते, कोरलेली नक्षी राहते. दोन काचा एकमेकींस चिकटवून केलेल्या जोडाच्या आत बुरशी शिरली, तर तेथपर्यंत हात पोहोचविणेही दुरापास्त होते. सारांश, दुरुस्तीचा खर्च बुरशीवर तितकासा अवलंबून नसतो. ती किती दिवसांनी आपल्या दृष्टीस पडली, यावर तो अवलंबून असतो.

साठवण: बरणीचाच न्याय

पहिला नियम असा की, चामड्याची किंवा जाड कापडाची पिशवी ही प्रवासापुरती आहे, मुक्कामासाठी नव्हे. चामडे व कापड ओलावा शोषून धरतात आणि चामड्यावर स्वतःच बुरशी येते. घरी येताच कॅमेरा व भिंगे पिशवीतून बाहेर काढावीत. पिशवी वेगळी वाळवावी.

दुसरा नियम, हवाबंद डबा. स्वयंपाकघरात झाकणाला रबराची कडी आणि चारही बाजूंना खटके असलेले प्लास्टिकचे जे डबे मिळतात, ते या कामी उत्तम. डब्यात सिलिका जेल या ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची कापडी पुरचुंडी ठेवावी. पुरचुंडी भिंगाला टेकू देऊ नये, कारण दाण्यांची पूड काचेवर बसते. नव्या पादत्राणांच्या खोक्यातून निघणाऱ्या पुड्या जपून ठेवून त्याच डब्यात टाकण्याची पद्धत आढळते. त्या पुड्या आपल्या हाती येईपर्यंत बहुधा ओलावा पिऊन तृप्त झालेल्या असतात. रंग बदलणारे सुटे दाणे विकत घ्यावेत. त्यांचा खर्च दुरुस्तीच्या तुलनेने नगण्य असतो.

हे दाणे दोन प्रकारचे मिळतात. निळे दाणे ओलावा शोषल्यावर गुलाबी होतात. नारिंगी दाणे हिरवट अथवा रंगहीन होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो आणि तो आरोग्यास अपायकारक आहे. म्हणून ज्या घरात किंवा शाळेत लहान मुलांचा वावर आहे, तेथे नारिंगी दाणेच पसंत करावेत. रंग पालटला की दाणे फेकून देऊ नयेत. भट्टीत सुमारे १२० अंश सेल्सिअसवर दोनतीन तास तापविले, किंवा जुन्या तव्यावर मंद आचेवर ढवळीत ठेवले, की ते पुन्हा मूळ रंगावर येतात. तो तवा मात्र नंतर अन्नासाठी वापरू नये. तापलेले दाणे बंद पत्र्याच्या डब्यात निवू द्यावेत आणि मगच कॅमेऱ्याच्या डब्यात ठेवावेत. उघड्यावर निवत ठेवले तर ते तेथेच हवेतील ओलावा पिऊन घेतात.

तिसरा नियम, मोजमापाचा. आर्द्रता दर्शविणारे लहानसे यंत्र आज बाजारात अल्प किमतीत मिळते. ते डब्यात ठेवावे. काटा अथवा आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असणे इष्ट. ६० च्या वर गेला की दाणे तापविण्याची वेळ झाली असे समजावे. फाजील कोरडेपणाही बरा नव्हे. ३० टक्क्यांच्या खाली दीर्घकाळ राहिल्यास वंगण आणि रबराचे भाग यांना बाधा पोहोचते. ज्या कार्यालयांकडे अनेक कॅमेरे आहेत, त्यांनी विजेवर चालणारी, आर्द्रता आपोआप राखणारी पेटी घेणे हिताचे. एखाददुसऱ्या भिंगाच्या दुरुस्तीत तिची किंमत वसूल होते.

काही जुन्या समजुतींविषयी येथे दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. कपाटात विजेचा लहान दिवा तेवत ठेवण्याची रीत पूर्वी होती. त्या दिव्याच्या उष्णतेने कपाटातील हवा कोरडी राही. हल्लीचे एलईडी दिवे जवळजवळ तापतच नाहीत, त्यामुळे ते लावून हा हेतू साधत नाही; आणि जुना दिवा बंद कपाटात कागदपत्रांजवळ ठेवणे म्हणजे आगीस निमंत्रण. तांदळात कॅमेरा पुरून ठेवण्याचा उपायही ऐकू येतो. तांदूळ ओलावा फारसा शोषीत नाही. त्याची पिठी मात्र फटीफटींतून आत जाते आणि बुरशीला अन्न पुरविते. डांबराच्या गोळ्या तर मुळीच ठेवू नयेत. त्यांची वाफ काचेवर जाऊन बसते.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वापर. जे भिंग आठवड्यातून एकदा बाहेर निघते, ज्याची कडी फिरविली जाते, ज्याला उजेड व वारा मिळतो, त्यात बुरशीला निवांतपणा लाभत नाही. पावसाची उघडीप असेल त्या दिवशी अर्धा तास सावलीत, मोकळ्या हवेत ठेवावे. कडक उन्हात मात्र भिंग उघडे ठेवू नये. त्यातून एकवटलेला सूर्यप्रकाश कॅमेऱ्याचा आतला भाग जाळू शकतो.

पावसाळ्यातील सण आणि कॅमेरा

कॅमेरा चार महिने डब्यात ठेवून आपले चालणारे नाही. आपले कितीतरी उत्सव ऐन पावसातले आहेत. २४ जूनला सांजावाच्या दिवशी तरुण विहिरींत उड्या घेतात. आषाढात माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानावर चिखलकाला रंगतो. चतुर्थीच्या दिवसांत कुंभारजुवे येथे होड्या जोडून सांगोड निघतो. पाणी, चिखल आणि गर्दी या तिन्हींशी तेथे गाठ असते. अशा वेळी कॅमेऱ्यावर पावसाचे आवरण घालावे. ते नसेल तर भिंगापुरते भोक पाडलेली जाड प्लास्टिकची पिशवी रबराने बांधावी. भिंगाच्या पुढे संरक्षक काच लावलेली असावी. तिच्यावर चिखल उडाला, ओरखडा पडला, तरी बदलण्याचा खर्च थोडा येतो. गळपट्टा मानेत अडकविल्याखेरीज कॅमेरा हाती घेऊ नये. शिगमोत्सवातील गुलाल आणि किनाऱ्यावरील वाळू यांनाही हेच लागू आहे. तेथे भिंग बदलण्याचा मोह टाळावा. तेवढ्या क्षणात कण आत जातात.

वातानुकूलित खोली अथवा वाहनातून बाहेर पडताना विशेष दक्षता हवी. थंड झालेल्या काचेवर बाहेरच्या दमट हवेतील बाष्प दवासारखे जमते. थंड पाण्याचा तांब्या बाहेरून पाझरतो, त्यातलाच हा प्रकार. आणि हे दव काचेच्या आतल्या बाजूसही धरू शकते. त्यासाठी खोलीतून निघण्यापूर्वीच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे. बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास तो पिशवीतच हवेच्या उष्णतेला येऊ द्यावा. दव पिशवीवर धरेल, काचेवर नाही. कार्यक्रमाच्या वेळेआधी तासभर पोहोचण्याचे हेही एक कारण समजावे.

समुद्रकिनाऱ्यावरून परतल्यावर कॅमेऱ्याचे बाह्यांग गोड्या पाण्यात किंचित भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे, लगेच कोरड्या फडक्याने टिपावे. खाऱ्या हवेतील मीठ धातूस गंजविते आणि ते स्वतः ओलावा धरून ठेवते. तिपाईचे पाय गोड्या पाण्याने धुऊन वाळवावेत. दुर्दैवाने कॅमेरा पाण्यात पडलाच, तर तो चालू करून पाहू नये. नुकसान बहुधा या उतावळेपणानेच वाढते. ताबडतोब विद्युत्‌घट काढावा, स्मृतिपत्र काढावे, बाहेरचे पाणी टिपावे आणि कारागिराकडे न्यावा. खारे पाणी गेले असेल तर एका दिवसाचाही विलंब करू नये.

पुसण्याची रीत

काच पुसताना होणारे नुकसान हे आपण स्वतःच्या हातांनी केलेले नुकसान होय. सदऱ्याचे टोक, पदर, हातरुमाल यांनी भिंग कदापि पुसू नये. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते लेपावर ओरखडे काढतात. प्रथम रबरी फुग्याच्या पंपाने धूळ उडवावी. मऊ कुंचल्याने राहिलेली झाडावी. त्याउपर डाग राहिलाच तर भिंगासाठीच मिळणाऱ्या मऊ कपड्यावर स्वच्छक द्रवाचा एक थेंब घेऊन मध्यापासून कडेकडे, हलक्या हाताने, गोल फिरवीत पुसावे. थेंब कपड्यावर घ्यावा, काचेवर टाकू नये. तो कडेने आत झिरपतो. तोंडाने फुंकर मारू नये, कारण तिच्यासवे तुषार जातात.

तपासणी आणि खर्चाचा विचार

बुरशी वरवर पाहून दिसत नाही, हे आमच्या हकीकतीवरून ध्यानी आलेच असेल. तपासणी अशी करावी: भिंग कॅमेऱ्यापासून अलग करावे, त्याची झडप पूर्ण उघडी ठेवावी आणि अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत एका बाजूने तिरपा टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा कापसासारखे ठिपके दिसले, तर ती बुरशी समजावी. असे भिंग त्वरित इतर भिंगांपासून वेगळे ठेवावे. घरी उघडण्याचा प्रयत्न करू नये. आतील काचा केसाएवढ्याही हलल्या तर चित्राची स्पष्टता जाते.

खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कॅमेऱ्याचा विमा उतरविता येतो आणि चोरी वा अपघात यांसाठी तो उतरविणे शहाणपणाचे आहे. परंतु हळूहळू होणारी झीज, गंज, बुरशी यांना विमा बहुधा लागू होत नाही. उत्पादकाच्या हमीपत्रातूनही बुरशी सामान्यतः वगळलेली असते. कलमे नीट वाचून पाहावीत. तात्पर्य, बुरशीपासून विमा आपल्या दक्षतेचाच. दुरुस्तीस देताना खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा, भिंगाचा क्रमांक पावतीवर नोंदवावा आणि लेपावर व्रण राहतील काय, हे आधी विचारावे. व्रण राहणार असतील व खर्च नव्या भिंगाच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर दुरुस्तीचा मोह सोडणे बरे.

कार्यालये व शाळा यांच्यासाठी

खासगी मालकीचा कॅमेरा निदान मालकाच्या डोळ्यांसमोर असतो. सार्वजनिक कॅमेऱ्याचा मालक कोणीच नसतो, म्हणून त्याची आबाळ अधिक. जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद असते, पण नोंद म्हणजे निगा नव्हे. याकरिता पुढील व्यवस्था सुचवावीशी वाटते. कॅमेऱ्याची जबाबदारी नावनिशीवार एका व्यक्तीकडे द्यावी. डब्याच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवून त्यावर दर पंधरवड्याला तारीख, आर्द्रतेचा आकडा, दाण्यांचा रंग आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरे लिहावीत. मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा सप्टेंबरच्या अखेरीस सर्व भिंगांची विजेरीने तपासणी करावी. मोठ्या समारंभापूर्वी आठ दिवस कॅमेरा काढून, प्रकाशाकडे तोंड करून दोनचार छायाचित्रे घ्यावीत आणि ती मोठ्या पडद्यावर पाहावीत. बदली झाल्यास कार्यभार सोपविताना हा कागदही सोपवावा. शाळांतून हे काम वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडे शिक्षकांच्या देखरेखीखाली द्यावे. आर्द्रता, बाष्प, बुरशी यांचा पाठ त्यांना पुस्तकाबाहेर शिकता येईल.

आमच्या त्या कार्यालयात पुढे असा कागद लावला गेला. त्यावरील पहिली सही अर्थातच माझी होती. त्यानंतरच्या पावसाळ्यांत एकाही भिंगाला बुरशी धरली नाही, आणि यासाठी लागले ते एक डबा, मूठभर दाणे आणि पंधरवड्यातून दहा मिनिटे एवढेच.

गावातील वृद्ध मंडळी, जुनी देवळे, ओवऱ्या, जत्रा, शाळेचे पहिले वर्ग, यांची छायाचित्रे हे आपल्या पुढच्या पिढ्यांसाठी केलेले पुरुमेंत आहे. ते ज्या बरणीत भरावयाचे, ती बरणी कोरडी ठेवणे आपल्या हाती आहे. मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी, मिरच्या वाळवून घरात घेताना, एकवार कपाट उघडून कॅमेऱ्याकडेही पाहावे, एवढीच वाचकांस विनंती.